कॅनडात सरकारी धोरणाबद्दल मत आहे? ते योग्य दारात कसं न्यायचं

इथे चार-पाच वर्षं काढली की प्रत्येकाचं राजकारणावर मत तयार होतं, आणि व्हायलाच पाहिजे, टॅक्स भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात, म्हातारपण इथेच जाणार. पण होतं काय की ही मतं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि पॉटलकच्या टेबलावरच विरून जातात आणि त्यातला बराचसा राग भलत्याच माणसावर निघतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण इथे सामान्य माणसाचं ऐकायची सोय आहे, फक्त ती वापरायची कशी हे आपल्याला कोणी सांगत नाही. मी ऑन्टारिओत राहते म्हणून उदाहरणं इथलीच देतेय.

सगळ्यात आधी बघा की काम कोणाचं आहे. 1867 च्या घटनेत कलम 91 मध्ये ओटावाची, म्हणजे केंद्र सरकारची, कामं आहेत आणि 92 मध्ये प्रांतांची. सैन्य, बँका, फौजदारी कायदा, ईआय (बेरोजगारी विमा) हे ओटावाकडे. हॉस्पिटल, शाळा, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचे नियम प्रांताकडे. कचरा, रस्त्यावरचा बर्फ, कुठे किती मजली बिल्डिंग बांधायची हे सिटीकडे, आणि सिटीला अधिकार देणारा परत प्रांतच. इमर्जन्सीत रात्रभर बसावं लागलं की लोक पंतप्रधानांना शिव्या घालतात, पण हॉस्पिटलचा कारभार क्वीन्स पार्कमधून, म्हणजे ऑन्टारिओच्या विधानसभेतून, चालतो. ओटावा कॅनडा हेल्थ ट्रान्सफरमधून पैसे पाठवतं आणि 1984 च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टप्रमाणे अटी घालतं, की गरजेच्या उपचाराला पेशंटकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत वगैरे. म्हणजे फॅमिली डॉक्टर मिळत नसेल तर आधी एमपीपीला (प्रांताच्या विधानसभेतला आमदार) गाठा, एमपीला (ओटावातला खासदार) नंतर.

काही विषयांत मात्र दोन्ही सरकारांचे हात असतात आणि तिथे जास्त डोकं लावावं लागतं. इंटरनॅशनल स्टुडंट्सचंच घ्या, आपल्या घराघरातला विषय आहे. शिकायला यायचं परमिट ओटावा देतं, पण कुठलं कॉलेज असे विद्यार्थी घेऊ शकतं ते प्रांत ठरवतो. ऑन्टारिओनं 2019 मध्ये इथल्या मुलांची फी 10 टक्क्यांनी कमी केली आणि मग ती गोठवून टाकली, प्रांताचं अनुदान आधीच तुटपुंजं, मग कॉलेजांनी बाहेरच्या मुलांच्या भरमसाट फीवर घर चालवायला सुरुवात केली आणि ओटावा परमिट देत राहिलं. जानेवारी 2024 मध्ये ओटावानं एकदम मर्यादा घातली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीआरचं (कायमस्वरूपी रहिवासाचं) 2025 चं टार्गेटही 5 लाखांवरून 3,95,000 वर आणलं. माझं स्पष्ट मत आहे की घरं महाग झाली त्याचं खापर या पोरांवर फोडणं अन्याय आहे, निर्णय दोन सरकारांनी घेतले आणि बोलणी खाल्ली विशी-बाविशीतल्या मुलांनी. पण हे मत मांडायचं तर दोन पत्रं लागतात, एक एमपीला परमिटबद्दल, दुसरं एमपीपीला कॉलेजच्या पैशांबद्दल. एकाच पत्रात दोन्ही घातलं की ते एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात.

लिहिण्याआधी आजची स्थिती तपासा. लोक अजून कार्बन टॅक्सवर तावातावानं भांडताना दिसतात, पण पेट्रोलवर आपण भरत होतो तो 1 एप्रिल 2025 पासून शून्य झालाय, कारखान्यांवरचा वेगळा आहे तो चालू आहे. (मला स्वतःला तो टॅक्स पटत होता, रिबेट खात्यात येत होता, पण सरकारनं तो लोकांना नीट समजावलाच नाही.) फेडरल, म्हणजे ओटावाचं, बिल (कायद्याचा मसुदा) कुठल्या टप्प्यावर आहे ते लेजिसइन्फो या संसदेच्या साइटवर दिसतं, आपल्या एमपीनं कशावर कसं मत दिलं तेही संसदेच्या साइटवर मिळतं. फॉरवर्ड वाचण्यापेक्षा ही दहा मिनिटं सत्कारणी लागतात.

आता पत्र. हाउस ऑफ कॉमन्सच्या साइटवर पोस्टल कोड टाकला की तुमचा एमपी कळतो. ईमेल चालतं, पण कागदी पत्र हाउस ऑफ कॉमन्स, ओटावा या पत्त्यावर पाठवलं तर तिकीटसुद्धा लागत नाही. वर स्वतःचा पत्ता घाला म्हणजे तुम्ही त्यांच्याच रायडिंगमधले (मतदारसंघातले) हे दिसेल. मग एकच विषय, तुमच्या घरावर त्याचा काय परिणाम झाला ते चार ओळीत, आणि शेवटी एकच मागणी, की या बिलाला विरोध करा किंवा मंत्र्यांना अमुक विचारा. नुसतं "सरकार काहीच करत नाही" लिहिलं तर उत्तर कशाचं देणार? तयार मजकूर कॉपी-पेस्ट करू नका, तसे ढिगानं येतात आणि सगळ्यांना एकच छापील उत्तर जातं. आणि पीआर किंवा वर्क परमिटवाल्यांनो, मत देता येत नाही म्हणून गप्प बसू नका, एमपी रायडिंगमधल्या सगळ्यांचा असतो.

वेळ फार महत्त्वाची आहे. निर्णय झाल्यावर ओरडण्यापेक्षा बिल कमिटीत असताना लेखी निवेदन पाठवा, ते कोणीही पाठवू शकतं. नव्या नियमांचा मसुदा कॅनडा गॅझेट या सरकारी राजपत्राच्या पहिल्या भागात येतो, तो दर शनिवारी निघतो, त्यावर मत द्यायची मुदतही तिथेच लिहिलेली असते आणि आपल्यातलं जवळजवळ कोणीच ते वाचत नाही. तरी निर्णय झाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही हं. ऑन्टारिओ सरकारनं 2022 च्या शेवटी ग्रीनबेल्टमधली (बांधकामापासून राखून ठेवलेल्या हिरव्या पट्ट्यातली) सुमारे 7,400 एकर जमीन बांधकामासाठी मोकळी केली, लोकांनी विषय सोडला नाही, ऑगस्ट 2023 मध्ये ऑडिटर जनरलचा कडक रिपोर्ट आला आणि सप्टेंबरमध्ये ऑन्टारिओचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डग फोर्ड यांना माफी मागून निर्णय फिरवावा लागला.

तुमच्यासारखेच बरेच जण असतील तर संसदेची ई-पिटिशन करा. सुरुवातीला 5 समर्थक आणि परवानगी देणारा एक एमपी लागतो, मग 500 वैध सह्या झाल्या की ती सभागृहात मांडता येते आणि मांडल्यावर सरकारला 45 दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. सही करायला नागरिकत्व लागत नाही, कॅनडात राहत असाल तरी चालतं. बाकीच्या साइट्सवरच्या पिटिशनला असं उत्तर द्यायचं बंधन नसतं, म्हणून मी त्यांच्यात वेळ घालवत नाही.

मतदानाबद्दल एकच सांगते. 2019 आणि 2021 दोन्ही वेळा देशभरात जास्त मतं कन्झर्व्हेटिव्हना होती पण जागा लिबरलना जास्त मिळाल्या, कारण इथे रायडिंगमध्ये जो पुढे तो जिंकला. लिबरल नेते ट्रुडोंनी 2015 मध्ये ही पद्धत बदलू म्हटलं होतं आणि 2017 मध्ये सोडून दिलं, मला ते अजून खुपतं. तोवर तुमच्या रायडिंगचा उमेदवार बघा, नुसता नेता बघू नका. फेडरल पक्षाला देणगी नागरिक आणि पीआर दोघंही देऊ शकतात, 400 डॉलरवर 300 डॉलर टॅक्स क्रेडिट मिळतं.

पत्राला महिन्याभरात उत्तर आलं नाही तर रायडिंगमधल्या ऑफिसला फोन करा, पत्राची तारीख सांगा आणि भेटीची वेळ मागा. संसदेला सुट्टी असलेल्या आठवड्यांत एमपी बहुतेक करून रायडिंगमध्येच असतात, ते आठवडे संसदेच्या कॅलेंडरमध्ये आधीच दिलेले असतात. जाताना पत्राची प्रिंट आणि त्याच गल्लीतला, तोच प्रॉब्लेम असलेला एखादा शेजारी बरोबर न्या, तो मराठी नसला तर आणखीच चांगलं.