टायरचं दुकान निवडताना या चुका टाळा (मी केल्यात म्हणून सांगतोय)

गाडी 80 च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागायचं, 90-95 ला अगदी हातापर्यंत यायचं आणि 110 ला परत शांत. एकाच दुकानात तीनदा बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) केलं, तिन्ही वेळा मशीनवर शून्य आलेलं मला दाखवलं, तिन्ही वेळा मी पैसे दिले आणि रस्त्याला लागलो की परत तेच रडगाणं. शेवटी वैतागून दुसरीकडे गेलो. तिथल्या कारागिराने मशीनला हातच लावला नाही, आधी चाक काढलं आणि मला जवळ बोलावून हबवरून (चाक ज्यावर बसतं तो भाग) बोट फिरवलं, बोटाला गंजाचा लाल चुरा. चाक हबवर सपाट बसतच नव्हतं, मग मशीनवर शून्य येऊन उपयोग काय. वायर ब्रशने हब घासला, रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल खरवडला, जुनी वजनं सगळी उचकटून काढली (आधीच्या लोकांनी जुन्यावरच नवी चिकटवली होती) आणि मग एकदाच बॅलन्सिंग. थरथर गेली ती गेलीच.

त्यामुळे पहिली चूक हीच, चकाचक मशीन बघून दुकान निवडणं. काम हातात घ्यायच्या आधी तो माणूस काही विचारतो का ते बघा. किती स्पीडला थरथरतं, ब्रेक मारल्यावरच होतं का, मध्यंतरी चाक खड्ड्यात आदळलं होतं का? फक्त ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर टायरचा संबंध बहुतेक नसतोच, ब्रेकची डिस्क बघावी लागते. आणि काहीही न विचारता जो थेट "अलाइनमेंट, बॅलन्सिंग दोन्ही करून टाकू" म्हणतो त्याच्याकडे मी तरी दुसऱ्यांदा जात नाही.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) एकच समजणं ही दुसरी चूक. थरथर असेल तर बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरला आलेला फुगा, असं काहीतरी असतं. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंटचा मामला, पण त्याआधी हवा चेक करायची कारण एका टायरात हवा कमी असली तरी गाडी ओढते. चांगला माणूस अलाइनमेंटच्या आधी चाक वर उचलून हाताने हलवून बघतो, बॉल जॉइंट किंवा टाय रॉडमध्ये (चाक आणि स्टिअरिंगचे सांधे) ढिलेपणा असेल तर आकडे जुळवून फायदा नाही, चार दिवसांत परत बिघडणार. झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगची प्रिंट मागा. देत नसतील तर नक्की काय केलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

पंक्चरच्या बाबतीत आपण सगळेच घाई करतो, मीही. बाहेरून रबराची वात खुपसून दिली की पाच मिनिटांत मोकळं, अडीअडचणीला ठीक आहे, पण नीट काम म्हणजे टायर रिमवरून उतरवून आतून बघणं आणि आतून मशरूम पॅच (छत्रीसारखं ठिगळ, त्याचा देठ भोकात बसतो) लावणं. हवा नसताना गाडी थोडीशी जरी चालवली असेल तर आत साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) घासून रबराचा काळा भुगा पडलेला असतो, तो टायर बाहेरून अगदी धडधाकट दिसतो आणि आतला तो भुगा बाहेरून वात लावणाऱ्याला दिसणारच नाही. साइडवॉलवरचं पंक्चर "करून देतो, काही होत नाही" म्हणणारा दिसला की गाडी वळवा. तडा गेलेल्या अलॉय रिमला वेल्डिंग मारून देणाऱ्यांचंही तेच.

नवा टायर घेताना साइडवॉलवर DOT अशी अक्षरं असतात त्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पॉलिश मारून चमकवलेला जुना माल नवा म्हणून गळ्यात पडू शकतो, आणि कधीकधी आकडे आतल्या बाजूला असतात, म्हणून चाकावर चढवायच्या आधीच बघायचं. साइजसोबत 91V असं काही असतं तेही गाडीच्या मूळ टायरशी जुळवा (91 म्हणजे एका टायरवर 615 किलो, V म्हणजे ताशी 240 किमीपर्यंत). दोनच नवे घेणार असाल तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी (फ्रंट व्हील ड्राइव्ह) असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर सावरणं फार अवघड. पुढेच टाका म्हणून आग्रह धरणारे खूप भेटतील. आणि "चारही गेलेत" असं कोणी म्हणालं तर खाली वाकून स्वतः बघा, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली म्हणजे 1.6 मिमी उरली, तेव्हा टायर खरंच गेला.

हवा भरताना साइडवॉलवरचा आकडा बघून भरू देऊ नका, ती कमाल मर्यादा असते. आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. नायट्रोजनसाठी मागे लागतात त्याबद्दल एवढंच, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र नटांवर ठेवा. नट आवळायच्या गनने टर्रर्र करून आवळले की काम लवकर होतं, पण जास्त आवळून स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) ताणले जातात आणि उद्या आडरानात स्टेपनी लावायची वेळ आली तर गाडीतल्या पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तरी नट हलत नाही. आधी हाताने दोन-चार आटे फिरवून, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आणि शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेला जोर लागला की सांगणारा पाना), "टक" आवाज येईपर्यंत. मी आता नवीन दुकानात आधी फक्त टायर रोटेशनचं (चाकांच्या जागा आपसात बदलायचं) काम देतो, बाजूला उभा राहतो आणि तो टक ऐकू येतो का बघतो. "50-100 किमी झाले की येऊन नट परत चेक करून जा" असं तो आपणहून म्हणाला तर पुढच्या वेळी नवे टायरही त्याच्याकडेच.