एअर रायफलला पेलेट कुठलं घ्यायचं, आणि कोकणात ते टिकवायचं कसं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की नवीन पोरं रेंजवर येतात आणि मग त्यांच्या आईबाबांचे फोन सुरू, "सर सगळ्यात भारी डबा कुठला तेवढं सांगा, तोच मागवतो". ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्यानंतर तर "तो कुठलं वापरतो?" हेही विचारतात. अहो, तो जे वापरत असेल ते त्याच्या बॅरलला जमणारं असणार, तुमच्या पोराच्या रायफलशी त्याचा काय संबंध? एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवा, एकीला ४.४९ मिमी डोक्याचं पेलेट (म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) मानवतं आणि दुसरीला ४.५० चं, आणि हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही, दुकानदाराला पण नाही. कागदावर गोळ्या मारून बघायच्या, दुसरा मार्ग नाही.

मध्येच एक सांगतो, कारण यूट्यूब बघून पोरं हेही विचारतात. अमेरिकेत वगैरे लोक घरी बसून काडतुसं भरतात, सेमी-ऑटोमॅटिक रायफल असेल तर दारू फार जपून निवडतात, कारण तिथे बॅरलमधला थोडा गॅस मागे घेऊन त्यावरच रायफलची यंत्रणा चालते, आणि दारू गरजेपेक्षा सावकाश जळणारी असली तर त्या गॅसचा दाब वाढून यंत्रणेला मार बसतो. वाचायला मजा येते, पण आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली त्याला परवाना लागतो, त्यामुळे तो नाद सोडा. आपल्या एअर रायफलमध्ये दारू नाहीच, ढकलायला हवा आहे आणि मॅच रायफलमध्ये ती हवा रेग्युलेटरनं ठरवून दिलेली असते, तेव्हा तुमच्या हातात बदलण्यासारखं उरतं ते पेलेट. म्हणून त्यात डोकं घालायचं.

आता आकाराचं पटकन संपवू. मॅचला चपट्या डोक्याचंच घ्यायचं, त्यानं कागदाला पंच मशीनसारखं गोल भोक पडतं आणि स्कोअर वाचताना भांडण होत नाही. टोकदार किंवा गोल डोक्याची पेलेटं दिसायला भारी असतात, पोरांना तीच हवी असतात, पण कागदावर त्यांचं भोक फाटकं पडतं. विषय संपला.

वजन. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचं आणि पिस्तूलसाठी त्याहून हलकं, ०.४५ ते ०.४९ ग्रॅम, असं डब्यावर लिहिलेलं असतं. मॅचची पीसीपी रायफल, म्हणजे सिलिंडरवाली, सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं पेलेट सोडते, तिला ०.५३ नेच सुरुवात करा. क्लबमधली जुनी स्प्रिंगची रायफल असेल तर ०.४५ आणि ०.५३ दोन्ही मारून बघा, त्यात कधीकधी हलकं पेलेट छान बसतं. फक्त उगाच एकदम हलकं, मिश्रधातूचं काहीतरी शोधून आणू नका, पुढे अडवायला वजन नसलं की आतला हवा ढकलणारा पिस्टन जाऊन आपटतो आणि रायफलचं आयुष्य कमी होतं.

खरी गंमत आहे ती हेड साइजमध्ये. पेलेट हातात घेऊन नीट बघा, पुढे डोकं, मध्ये कंबर आणि मागे पोकळ घेर, त्याला सगळे स्कर्ट म्हणतात. हवा मागून आली की तो पातळ घेर फुगून बॅरलला चिकटतो आणि हवा निसटू देत नाही, आणि डोकं जे आहे ते बॅरलच्या आतल्या पिळाच्या कडांवर टेकून सरळ जातं. डोकं बारीक असलं तर ते आत डुगडुगतं, मोठं असलं तर घासून दबतं, आणि दोन्हीकडे ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका, पसरतो. म्हणून ४.५ मिमीच्याच पेलेटमध्ये ४.४९, ४.५०, ४.५१ असे डबे मिळतात, फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, यातलं कुठलंही मॅच ग्रेडचं घ्या, सगळी चांगली आहेत, पण साइज न बघता नुसतं नाव सांगून मागवलं तर काय येईल ते नशीब. आणि डब्याच्या मागे किंवा बुडाशी एक बॅच नंबर छापलेला असतो तो बहुतेक जण वाचतच नाहीत, खरं तर तोच महत्त्वाचा, कारण साचा झिजतो, बदलतो, आणि त्याच नावाच्या त्याच साइजच्या पुढच्या बॅचचं पेलेट तुमच्या बॅरलला वेगळं वागू शकतं.

मग टेस्ट कशी करायची? चार-पाच जणांनी मिळून वेगवेगळ्या साइजचा एकेक डबा मागवा आणि वाटून घ्या, प्रत्येकानं पाच डबे घेण्यात काही अर्थ नाही. रायफल शिकंज्यात पकडता आली तर उत्तम, नसेल तर टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, पण बाबांनो समुद्रावरची वाळू भरू नका, मीठ ओल धरतं आणि महिन्याभरात रायफलच्या पोटाला गंज दिसतो, नदीची सुकवलेली वाळू घ्या नाहीतर सरळ तांदूळ भरा. स्प्रिंगची रायफल असेल तर तिला शिकंज्यात आवळायचं नाही, पिशवीवर हात ठेवून तळहातावर सैल धरायची, ती धक्का मारतेच, तो धक्का तिला दर वेळी सारखा मारू द्यायचा.

पेलेट बदललं की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशोबात धरू नका, बॅरलला आधीच्या शिशाचा थर असतो तो बदलायला वेळ लागतो. मध्येच बॅरल साफ करू नका. मग दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, प्रत्येक पेलेटचे निदान तीन, आणि सगळे सलग नाही तर आलटून पालटून, म्हणजे तुमचा हात थकला किंवा सिलिंडरचा दाब उतरला तर त्याचा दोष एकाच डब्यावर येत नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप काढून फोटो टाकणारे खूप आहेत, पाचात कुठलंही पेलेट चांगलं दिसतं हो.

ग्रुप मोजायचा व्हर्नियरनं, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, आणि त्यातून ४.५ वजा करायचे. समजा एका पेलेटचा ग्रुप बाहेरून ६ मिमी आला तर मधल्या बिंदूंचा पसारा दीड मिमी, दुसऱ्याचा ८ मिमी आला तर साडेतीन. म्हणजे ग्रुपच्या मध्यापासून सगळ्यात लांब गेलेली गोळी पहिल्यात साधारण पाऊण मिमी, दुसऱ्यात पावणेदोन, फरक एक मिमीचा. आता इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर १०.९ पासून १०.० पर्यंत येताना दर ०.१ ला पाव मिमी जातो, पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून पाव मिमीच्या आत असलं तर १०.९ आणि अडीच मिमीवर गेलं की १०.०. म्हणजे तुमची चूक काहीच नसताना नुसत्या पेलेटपायी एखाद्या गोळीला चार दशांश गेले. साठ गोळ्यांची मॅच, जास्तीत जास्त ६५४, आणि आपल्याकडे स्टेटला किंवा मावळणकर स्पर्धेला पोरं पुढच्या फेरीत जाणं न जाणं काही दशांशांवर असतं. (मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर, १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकारानं, आणि त्यांचं मूळ गाव संगमेश्वरातलं मावळंगे. रत्नागिरीच्या पोरांनी तरी हे माहीत करून घ्यावं.)

पण एक खरं सांगू का, ज्या पोराचा स्वतःचा ग्रुप अजून वीस-पंचवीस मिमीचा येतोय त्याला ह्या सगळ्याची गरजच नाही. त्याला कुठलंही बरं चपटं पेलेट द्या, भरपूर द्या, आणि उभं राहायला आणि ट्रिगर दाबायला शिकवा. बॅच टेस्ट हे खूळ नव्वद टक्के गोळ्या नऊच्या वर्तुळाच्या आत पडायला लागल्यावरचं आहे. आईबाबांना हे पटत नाही, त्यांना वाटतं महाग डबा आणला की स्कोअर वाढेल.

डबा उघडल्यावर दोन मिनिटं घालवून पेलेटं निवडा. काचेच्या तुकड्यावर एकेक घरंगळवून बघायचं, स्कर्ट चेपलेला असला की ते उड्या मारत जातं, ते बाजूला, सरावाला. सोनाराच्या काट्यावर एकेक पेलेट वजन करणारेही आहेत, १० मीटरवर चांगल्या मॅच पेलेटमध्ये त्याचा काही फरक पडतो असं मला वाटत नाही, पण ज्याला करमत नसेल त्यानं करावं.

आता आपल्या हवेचं. दर्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मी सांगायला नको, पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते तर शिशाचं काय होणार. उघड्या डब्यातल्या पेलेटवर पांढरट भुकटी धरते, हाताला पावडर लावल्यासारखी लागते, ती शिशाची गंजच समजा. असं पेलेट मॅचला नाही आणि सरावालाही नाही, बॅरल खराब होतं आणि ती भुकटी बोटांवरून पोटात जायची. डबा मूळचाच ठेवायचा, आतला फोम फेकायचा नाही कारण त्यानंच स्कर्ट चेपत नाहीत, मग तो डबा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या ओल धरून थकतात हे लक्षात ठेवून बदलायच्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. पेलेटला तेल लावून ठेवायचा सल्ला जुनी माणसं देतात, पण स्प्रिंगच्या रायफलमध्ये ते तेल पिस्टनपुढे गेलं की दाबानं पेटतं, मोठा आवाज येतो, धूर येतो, पोरं खूश होतात आणि गोळी कुठेतरी भलतीकडे जाते. ते करू नका.

टार्गेटच्या कागदाची पण काळजी घ्या. जुलैमध्ये कार्ड ओल पिऊन मऊ पडतं, भोकाच्या कडा तंतू तंतू होतात आणि व्हर्नियर कुठे लावायचा तेच कळत नाही, चांगलं पेलेटसुद्धा वाईट दिसतं. टेस्ट शक्यतो दिवाळीनंतर करा, हवा सुकी असते, किंवा कार्डं झिपच्या पिशवीत ठेवून ऐनवेळी काढा.

सिलिंडरच्या हवेचंही सांगतो कारण मालवण-तारकर्लीकडे स्कूबावाल्यांच्या कंप्रेसरवरून भरून घेण्याची पद्धत सोयीची पडते. चालतं, पण त्यांच्या कंप्रेसरला ओल काढणारा फिल्टर आहे ना आणि तो वेळेवर बदलतात ना हे विचारून घ्या, दमट हवा २०० बारला दाबली की पाणी सिलिंडरच्या आत साठतं, रेग्युलेटर बिघडतो, वेग खालीवर होतो आणि तुम्ही पेलेटला शिव्या देत बसता. ऑक्सिजनचा सिलिंडर लावायचा विचार स्वप्नातही नको, तेलाचा अंश असला तर स्फोट होतो. आणि सिलिंडरवर छापलेली तारीख उलटली असेल तर तो भरायचा नाही, कोणी कितीही "काही होत नाही रे" म्हटलं तरी.

शिसं हे विष आहे हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. पेलेट ओठात धरून लोड करायची घाण सवय काहींना असते, ती मोडा. रेंजवर वडापाव नाही, आणि संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीला हात नाही.

साइज आणि बॅच ठरली की त्याच बॅचचे जितके परवडतील तितके डबे एकदम घ्या, सीझनभराचे, कारण दोन महिन्यांनी ती बॅच दुकानात नसते. दुकानदाराला फोनवर बॅच नंबर वाचून दाखवायला लावा, फोटो पाठवायला सांगा, आणि चांगले दुकानदार पाठवतात. वयाचा आणि ओळखीचा पुरावा तो मागेल, तो द्या, कुरकुर करू नका. डबे आले की प्रत्येकावर मार्करनं रायफलचा नंबर लिहा, विशेषतः क्लबमध्ये, नाहीतर तीन नंबरच्या रायफलची पेलेटं सात नंबरवाला संपवून टाकतो आणि स्टेटच्या आदल्या रात्री सगळे माझ्याकडे.