पॅरा एसएफचा कमांडर व्हायचंय? सुरुवात कुठून करायची ते सांगतो

बरीच पोरं विचारतात की पॅरा एसएफचा, म्हणजे आर्मीच्या पॅराशूट स्पेशल फोर्सेसचा, फॉर्म कधी सुटतो. असा फॉर्मच नसतो रे. आधी आर्मीत ऑफिसर व्हायचं, मग स्वतःहून नाव द्यायचं, आणि प्रोबेशनमध्ये, म्हणजे युनिटच्या निवडीच्या कठीण काळात, टिकलास तरच युनिट तुला आपलं म्हणतं.

दहावीला असशील तर छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) बघ, राज्य सरकारची संस्था आहे, अकरावी-बारावी करत एनडीएची (नॅशनल डिफेन्स अकॅडमी) तयारी होते. लहान भाऊ असेल तर साताऱ्याची सैनिक स्कूल, पॅरा एसएफचे शहीद ऑफिसर कर्नल संतोष महाडिक तिथेच शिकले, गाव पोगरवाडी. बारावीला एनडीए, ग्रॅज्युएशन झालं असेल तर सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेसची परीक्षा. एनडीएची लेखी 900 मार्कांची, गणित 300 आणि जीएटी (इंग्रजी आणि सामान्य ज्ञान) 600, आणि एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडीचा इंटरव्ह्यू, पण 900 ची! तरी सगळे दोन वर्षं गणिताचे क्लास लावतात आणि एसएसबीला आठवडा देतात, इथेच चांगली पोरं जातात याचं मला फार वाईट वाटतं. तिथे पाच दिवस राहायचं असतं, पाठ केलेली उत्तरं दुसऱ्या दिवशीच उघडी पडतात, त्यामुळे ग्रुपमध्ये खेळ, ट्रेकला जा, गावातल्या कामाची जबाबदारी घे, चारचौघांत बोलायची सवय लाव.

एनडीएतून गेलास तर खडकवासल्याला 3 वर्षं, डेहराडूनच्या मिलिटरी अकॅडमीत 1, मग कमिशन, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक. खरी परीक्षा त्यानंतरची, प्रोबेशन. झोप नाही, पाठीवर वजन घेऊन स्पीड मार्च, आणि ऑफिसर म्हणून काही सूट नाही, कारण उद्या ज्यांना ऑर्डर द्यायची ते जवान तुला बघत असतात. पॅराशूट जंप आग्र्याला. आणि आपल्या लोकांना माहीत नसतं, 21 पॅरा एसएफ ही मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन, 1996 ला स्पेशल फोर्सेस झाली. महाडिक साहेब त्याच युनिटचे. पुढे ते 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते आणि नोव्हेंबर 2015 ला काश्मीरमधल्या कुपवाड्यात अतिरेक्यांशी स्वतः पुढे राहून लढताना शहीद झाले.

प्रमोशनचं गणित पण समजून घे. 2 वर्षांनी कॅप्टन, 6 ला मेजर, 13 ला लेफ्टनंट कर्नल, हे सर्व्हिसच्या वर्षांवर मिळतं. कर्नलपासून सिलेक्शन बोर्ड, आणि बटालियनची कमांड कर्नलकडे असते, म्हणजे कमिशननंतर पंधराएक वर्षं धीर धरावा लागतो आणि अभ्यास काही सुटत नाही, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजसाठी पुन्हा परीक्षा असते. तिन्ही दलांची मिळून स्पेशल ऑपरेशन्स डिव्हिजन झाली तेव्हा 2019 मध्ये तिचे पहिले प्रमुख झालेले मेजर जनरल अशोक धिंग्रा पण पॅरा एसएफचेच.

एक काम मात्र याच महिन्यात कर, डॉक्टरकडे जाऊन डोळे, कलर व्हिजन, सपाट तळपाय, गुडघे, कान सगळं तपासून घे. आणि वजन घेऊन डांबरी रस्त्यावर पळू नकोस, सतराव्या वर्षी गुडघा गेला तर मेडिकललाच अडकशील, मातीच्या ग्राउंडवर पळ.