पाइन साप आणि बुलस्नेकचे प्रजनन: या चुका टाळा

पाइन साप, बुलस्नेक आणि गोफर साप हे पिट्युओफिस या एकाच प्रजातीतील, उत्तर अमेरिकेतले बिनविषारी साप आहेत. अंगाने दणकट, खाण्याच्या बाबतीत अधाशी आणि सहसा आजारी न पडणारे असल्यामुळे ते पाळायला सोपे आहेत, आणि नेमकी येथेच नवख्यांची फसगत होते. जो साप इतका सहज जगतो तो तितक्याच सहज अंडीही घालील, असे त्यांना वाटते. गेली अनेक वर्षे दर हंगामात मला तेच प्रश्न विचारले जातात: अंडी पिवळी का पडली, मादीने पाण्याच्या भांड्यातच अंडी का घातली, जोडी दोन वर्षे एकत्र असूनही काहीच का झाले नाही. उत्तरे वेगवेगळी असली तरी बहुतेकांचे मूळ घाईत असते. साप हातात आल्यावर सहा महिन्यांत पिल्लांच्या रंगांचे हिशेब मांडणाऱ्या मंडळींना पाहिले, की गुडघ्याला बाशिंग बांधणे म्हणजे काय ते पुन्हा कळते.

भरल्या पोटी थंडी

या चुकीबद्दल मी सर्वांत जास्त बोलतो, कारण ती मी स्वतः केली आहे. या सापांच्या मूळ प्रदेशांत बहुतेक ठिकाणी हिवाळा खराखुरा असतो. ते जमिनीखाली जाऊन थंडी काढतात आणि त्यानंतरच्या उबेत त्यांचा मिलनाचा हंगाम सुरू होतो. म्हणून पाळलेल्या जोडीलाही आठ ते दहा आठवडे, साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस तापमानात, अंधारात विश्रांती दिली जाते. हे मला ठाऊक होते. सापाचे पचन त्याच्या शरीराच्या तापमानावर चालते आणि थंडीत ते जवळजवळ थांबते, हेही मी वाचले होते. पण वाचणे आणि कळणे यांत अंतर असते.

माझा पहिला प्रौढ बुलस्नेक नर जवळजवळ सहा फूट लांब होता. पुढचे दोन महिने त्याला उपाशी राहायचे आहे, या कळवळ्यापोटी मी त्याची पेटी थंड जागी हलवण्याच्या तीन दिवस आधी त्याला एक मोठा उंदीर दिला. बाराव्या दिवशी पाणी बदलण्यासाठी झाकण उघडले तेव्हा आंबूस, कुजका वास आला. सापाच्या पोटातला फुगवटा जेथे होता तेथेच होता आणि त्या भागातली त्वचा इतकी ताणली गेली होती की खवल्यांमधली पांढरट कातडी दिसत होती. मी घाबरून त्याला ऊब दिली. दुसऱ्या दिवशी त्याने तो उंदीर ओकून टाकला, पण तो पचला नव्हता, सडला होता. चार दिवसांनी साप मेला. त्याला भुकेने काहीही झाले नसते. निरोगी, अंगात चरबी असलेला प्रौढ साप थंडीतले दोन महिने पाण्यावर सहज काढतो आणि त्याचे वजन फारसे घटतही नाही.

तेव्हापासून मी शेवटचे खाणे दिल्यावर पूर्ण तीन आठवडे ऊब चालू ठेवतो. सापाने विष्ठा टाकल्याची तारीख पेटीवर चिकटपट्टी लावून लिहितो, आणि तशा दोन तारखा लिहिल्या गेल्याशिवाय तापमानाला हात लावत नाही. पोट मोकळे झाल्याची खात्री पटली की आठ-दहा दिवसांत ऊब हळूहळू उतरवतो, थंडीच्या काळात ताजे पाणी कायम ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी वजन करतो. श्वास घेताना घरघर ऐकू आली किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर त्या सापाचा हंगाम तेथेच संपवून त्याला उबेत आणतो आणि सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवतो.

याच विषयातली पळवाट म्हणजे अर्धवट थंडी. खोलीचे तापमान अठरा अंशांपर्यंत आले, चला, झाली शीतनिद्रा, असे समजून महिनाभरात जोडी लावणारे अनेक जण मी पाहिले आहेत. अठरा अंशांत सापाला धड विश्रांती मिळत नाही आणि धड पचनही होत नाही. तो पेटीत येरझारा घालत अंगावरची चरबी जाळत राहतो. पुरेशी थंडी देता येत नसेल तर त्या वर्षी प्रजननाचा नाद सोडावा आणि सापांना नेहमीसारखे खाऊ घालावे.

जोडी लावण्याआधीच्या लहानसहान गोष्टी

नर-मादी ओळखण्यासाठी शेपटीच्या लांबीवर विसंबू नये. सरावलेल्या माणसाकडून सळई घालून तपासणी करून घ्यावी. दोन नरांची ‘जोडी’ दोन हिवाळे सांभाळून अंड्यांची वाट पाहणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. मादी तिसरा हिवाळा पार केल्याशिवाय नराला दाखवू नये, मग ती कितीही जाडजूड दिसो. जोडी वर्षभर एकत्र ठेवू नये. देवदार वर्गातल्या सुवासिक लाकडाचा भुसा पेटीत घालू नये. मिलनाच्या वेळी नर मादीची मान तोंडात धरतो. ते पाहून त्यांना सोडवायला धावू नये.

आणि फुत्काराला भिऊन सापाला रागीट ठरवू नये. या सापांच्या श्वासनलिकेच्या तोंडापुढे एक उभी पातळ पट्टी असते. जोराने सोडलेल्या हवेत ती थरथरते आणि साध्या फुत्काराचा मोठा, घोगरा आवाज होतो. सोबत शेपटीही थरथरते, त्यामुळे अजाण माणसाला हा शेपटी खुळखुळवणारा विषारी रॅटलस्नेकच वाटतो. गाभण मादीचा हा आवाज ऐकून तिच्या पेटीकडे आठवडाभर न फिरकणारा माणूस तिचे पाणी बदलायचेही विसरतो, आणि खरे नुकसान तेथे होते.

अंडी घालायची जागा

पाइन सापांच्या माद्या वाळूत स्वतः बीळ खोदून अंडी घालतात. सापांमध्ये हे दुर्मीळ आहे, आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या रेताड जंगलातील माद्यांच्या अशा बिळांचा बारकाईने अभ्यासही झाला आहे. मादी डोक्याने माती सैल करते, मानेचा बाक करून ती बाहेर ओढते आणि हे काम तासन्‌तास चालते. अशा प्राण्यासमोर दोन इंच ओले शेवाळ घातलेला आइस्क्रीमचा डबा ठेवणे ही थट्टा आहे. तो डबा नापसंत पडला की मादी पेटीभर फिरत राहते, अंडी पोटात धरून ठेवते, आणि शेवटी एक तर ती अडकतात किंवा पेटीतल्या एकमेव ओलसर जागी, म्हणजे पाण्याच्या भांड्यात, पडून बुडतात.

अंडी घालण्याआधी मादी एकदा कात टाकते आणि त्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत अंडी येतात. कात दिसली त्याच दिवशी मी हाताच्या कोपरापर्यंत खोल असा, झाकणाला एकच भोक असलेला अपारदर्शक डबा दमट शेवाळाने अर्ध्याहून अधिक भरून आत ठेवतो आणि पाण्याचे मोठे भांडे काढून छोटे ठेवतो. अंडी घालण्याची क्रिया मध्येच थांबली, मादी थकून निपचित पडली आणि पोटात गाठी दिसत राहिल्या, तर पशुवैद्य गाठावा. बाहेरून दाबून अंडे सरकवण्याचा प्रयोग करू नये.

अंड्यांचा गठ्ठा मोडणे

पिट्युओफिसची अंडी मोठी, लांबट आणि चिवट कवचाची असतात आणि घातल्यानंतर काही तासांतच एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो. नवख्या माणसाला तो गठ्ठा अव्यवस्थित वाटतो. मलाही वाटला होता. पाइन सापाच्या माझ्या पहिल्या आठ अंड्यांसाठी मी डबा आधीच आखून ठेवला होता, व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या भुसभुशीत खनिजात, अंगठ्याने दोन ओळींत आठ खळगे केले होते, आणि त्या खळग्यांच्या मोहापायी मी गठ्ठा सोडवायला बसलो. कडेची दोन अंडी सहज सुटली. तिसरे ओढताना नखाएवढा तुकडा शेजारच्या अंड्याला चिकटून राहिला आणि फाटलेल्या जागेतून पारदर्शक स्राव बोटांवर आला. गडबडीत चौथे अंडे उलटे ठेवले गेले की सुलटे, हे मला आजही सांगता येणार नाही. फाटलेल्या अंड्यावर पाचव्या दिवशी हिरवट बुरशी चढली. चौथे महिनाभर पांढरेशुभ्र राहून मग खचले आणि आत अर्धवट वाढलेले पिल्लू निघाले. उरलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आली, यात माझे काही कर्तृत्व नाही.

आता मी गठ्ठा आहे तसा उचलतो, वरच्या अंड्यांवर मऊ पेन्सिलीने रेघ मारतो आणि ती रेघ वरच राहील अशा बेताने तो व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धा पुरतो. व्हर्मिक्युलाइट किती ओले असावे, याबाबत माझी कसोटी मुठीची आहे: मूठभर घट्ट पिळल्यावर ते लाडवासारखे राहावे, पण बोटांतून पाण्याचा थेंब पडू नये. तापमान २७ ते २८ अंश ठेवले की पिल्ले सुमारे दोन महिन्यांत, कधी दहा-पंधरा दिवस पुढे, बाहेर येतात. तापमान वाढवून दिवस वाचवण्याचा सल्ला देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, परंतु जास्त उष्णतेत उबवलेली, पाठीच्या कण्याला बाक आलेली पिल्ले मी पाहिली आहेत. थर्मोस्टॅटचा संवेदक हवेत लोंबकळत न ठेवता अंड्यांच्या पातळीवर ठेवावा, आणि दुसरा स्वतंत्र थर्मामीटर आत असावाच.

उबवणीतली दुसरी ठरलेली चूक म्हणजे अंड्यावर खळगा दिसताच पाणी ओतणे. पहिल्या महिन्यात पडलेला खळगा बहुधा कोरडेपणाची खूण असतो. मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत अंडी आपोआप पिचकतात आणि तेव्हा ओतलेले पाणी तयार झालेल्या पिल्लाला गुदमरवू शकते. मी डोळ्यांवर न विसंबता काट्यावर विसंबतो: अंड्यांसकट डब्याचे वजन पहिल्या दिवशी लिहून ठेवतो, आठवड्यातून एकदा पुन्हा करतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत जेवढे ग्रॅम घटले असतील तेवढेच कोमट पाणी डब्याच्या कडेने सोडतो. आठवड्यातले ते एक उघडणे हवा बदलायलाही पुरते. रोज झाकण काढून पाहणाऱ्यांना काय दिसते, ते मला अद्याप समजलेले नाही.

भेसळ

बुलस्नेक, पाइन साप आणि गोफर साप यांचा आपसांत संकर होऊ शकतो, म्हणून तो करावा असे नाही. दिसायला आकर्षक अशी संकरित पिल्ले पुढे नाव न सांगता हातोहात फिरतात आणि तीन पिढ्यांनंतर शुद्ध म्हणून विकली जातात. लुइझियाना पाइन सापाची मादी एका वेळी अवघी चार-पाच अंडी घालते. ती जात २०१८ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जीव कायद्याखाली धोक्यातील म्हणून नोंदवली गेली, आणि काळ्या पाइन सापाची तशी नोंद २०१५ मध्येच झाली आहे. अशा सापांच्या बाबतीत कायद्याची परवानगी आणि वंशावळीचा कागद या दोन्ही गोष्टी आधी पाहाव्यात. माझ्याकडच्या प्रत्येक पिल्लाच्या डब्यावर आई-बापांचे क्रमांक असतात, आणि ते ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडून मी साप घेत नाही.

पिल्ले बाहेर येताना

पिल्लू कवचाला चीर पाडून नाक बाहेर काढते आणि तसेच एखादा दिवस, कधी दोन दिवस, बसून राहते. या वेळात ते पोटातला उरलेला बलक शोषून घेत असते. पहिल्या चिरेबरोबर कात्री घेऊन सगळी अंडी उघडण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. घाईने ओढून काढलेल्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची पिशवी लोंबकळत राहते आणि ती फाटली की पिल्लू वाचत नाही. बाहेर आल्यावर प्रत्येकाला ओल्या कागदी रुमालावर वेगळ्या डब्यात ठेवावे. साधारण आठवडा-दहा दिवसांत पहिली कात पडते, आणि त्याआधी खाणे देऊन पिल्लू खात नाही म्हणून हवालदिल होण्यात अर्थ नाही. ही पिल्ले जन्मतःच मोठी असल्यामुळे बहुतेक जण कोवळी लव आलेला लहान उंदीर पहिल्याच प्रयत्नात घेतात. जे घेत नाही, त्याच्या डब्यात मी उंदीर रात्रभर अंधारात ठेवून देतो, सकाळी उरला असल्यास काढून टाकतो आणि पुढचे पाच दिवस त्या डब्याला हात लावत नाही.