रेड जॅकेटला कोण भेटलं? शोधताना या चुका टाळा

नवखा माणूस आधी सर्चमध्ये ‘रेड जॅकेट’ टाकतो आणि पंधरा मिनिटांत ‘फारसं काही नाही’ म्हणत उठतो. अहो, हे तर इंग्रजांनी दिलेल्या लाल कोटावरून पडलेलं नाव. सेनेका या मूळ अमेरिकी जमातीच्या या पुढाऱ्याचं लहानपणीचं नाव ओतेतियानी, नंतरचं सागोयेवाथा. आणि ज्याने त्याने ते कानावर पडलं तसं लिहिलं. वखारवाल्या इंग्रजांनी शिवाजी महाराजांचं ‘सेवाजी’ केलं, तीच तऱ्हा. त्याचाच समकालीन कॉर्नप्लँटर तर कुठे गायंतवाका, कुठे डच बापाच्या आडनावाने ओबेल. मी वहीच्या पहिल्या पानावर सगळी रूपं उतरवतो, मगच शोधायला बसतो.

दुसरी चूक माझीच. फ्रेंच लेखक तोकव्हिल अमेरिकेच्या प्रवासात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला गेला होता, रेड जॅकेटची वस्तीही तिथूनच जवळ. झालं! मी भेट ठरवूनच टाकली. दोन रात्री जागून त्यांच्या संभाषणाचे विषयसुद्धा कल्पिले. तिसऱ्या दिवशी तारखा शेजारीशेजारी मांडल्या: रेड जॅकेट वारला २० जानेवारी १८३० ला, तोकव्हिल पोचला जुलै १८३१ मध्ये. त्याला बफेलोत दिसले ते जमिनीचे पैसे घ्यायला आलेले मूळ अमेरिकी लोक. दोन रात्री पाण्यात. आता आधी मृत्यूची तारीख, मग बाकी सगळं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत, त्याची भेट मात्र खरी. १८२५ साली बफेलोत तो आणि रेड जॅकेट भेटले, लाफायेतचा सेक्रेटरी लव्हासर याने ते लिहून ठेवलं. गप्पा अमेरिकी सरकार आणि सेनेकांसारख्या जमातींमधल्या १७८४ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहावर गेल्या. तिथे तावातावाने बोलणारा तो तरुण कुठे आहे, असं लाफायेतने विचारलं. ‘तुमच्यासमोरच’, असं रेड जॅकेटचं उत्तर आलं. किस्सा झकास. पण एक्केचाळीस वर्षांनंतरची आठवण १७८४ चा पुरावा म्हणून खपवू नका. घाईवाले नेमकं हेच करतात, कारण किस्सा कॉपी करायला सोपा.

त्याची इंग्रजी भाषणंही जपून वापरा. इंग्रजी कळत असूनही तो सेनेका भाषेतच बोलायचा, म्हणजे वाक्यांचा डौल दुभाष्याचा किंवा छापणाऱ्याचा असू शकतो.



आणि एखाद्या प्रवाशाने रेड जॅकेटच्या गळ्यातल्या वॉशिंग्टनच्या चांदीच्या पदकाचं वर्णन केलं असेल, तर भेटीचं साल तपासा. पदक मिळालं १७९२ ला.