डिसॅबिलिटी पेन्शन आणि पुढचे सारे: खान्देशातल्या माजी सैनिकासाठी तयारीची यादी

सुरुवात घरातल्या काळ्या ट्रंकेपासून करा. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्या पाच मिनिटांत जे कागद मागतात ते बहुतेक त्या ट्रंकेच्या तळाशीच असतात: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाचे कागद. धडगावहून एसटीने नंदुरबार गाठायचे आणि एका झेरॉक्सपायी माघारी फिरायचे, यात दिवस जातो, वर पाय दुखतो तो वेगळाच.

डिस्चार्ज बुकाच्या नुसत्या पहिल्या पानाची झेरॉक्स चालत नाही. डिस्चार्जचे कारण आणि मेडिकल कॅटेगरी आतल्या पानांवर असते आणि डिसॅबिलिटीच्या केसमध्ये नेमकी तीच पाने लागतात. पूर्ण पुस्तकाचे तीन संच काढा. पीपीओचा पहिला कागद आणि त्यानंतर आलेले प्रत्येक सुधारित पीपीओ तारखेप्रमाणे लावा. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात झेरॉक्सची शाई प्लॅस्टिकला चिकटून अक्षरे उपटून येतात, म्हणून प्रती कागदी फाइलमध्येच ठेवा.

आता मुख्य कागद. निवृत्तीच्या वेळी झालेल्या रिलीज मेडिकल बोर्डाची, किंवा प्रकृतीमुळे मुदतीआधी घरी पाठवले असल्यास इनव्हॅलिडिंग बोर्डाची कार्यवाही. तिचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. त्यात तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारा: आजार किंवा दुखापतीचे नाव, तिचा सेवेशी संबंध मानला की नाही, आणि टक्केवारी. संबंध दोन तऱ्हांनी मानतात. एक, सेवेमुळे झाली. दोन, आधीपासून होती पण सेवेमुळे वाढली. दोन्हींत पेन्शन मिळू शकते. ‘दोन्ही नाही’ असा शेरा असेल तर लढाई त्या एका ओळीशी आहे, बाकी अर्ज कितीही सुबक लिहा.

हा कागद हाताशी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे आपल्या रेजिमेंटच्या सेवा नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, माहिती अधिकारात मागा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज केंद्राच्या पोर्टलवरूनही जातो. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्जची तारीख लिहा आणि ‘मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, इंज्युरी रिपोर्ट आणि पोस्टिंगचा तपशील’ असे नावानिशी मागा. ‘माझी सर्व कागदपत्रे द्या’ असे लिहिले की हाती काहीच लागत नाही. याला उशीर करू नका: पेन्शनरची सेवा कागदपत्रे साधारण ५० वर्षे जपतात, ज्याला पेन्शन बसली नाही त्याची २५. थोडक्या नोकरीत घरी आलेल्या जवानाचे कागद म्हणूनच आधी नष्ट होतात, आणि गरज बहुधा त्यालाच असते.

टक्केवारीचा हिशेब घरीच करून पाहा. नियमित निवृत्तीत पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा भाग मिळायला किमान २० टक्के लागतात. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा दर आहे. पगारात मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे धरतात. म्हणजे ४०,००० पगारावर शंभर टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४००, वर महागाई. यानंतर येते ब्रॉड बँडिंग: ५० च्या खालची टक्केवारी ५० धरायची, ५० ते ७५ ची ७५, आणि ७६ च्या पुढची थेट १००. तेच २,४०० मग ६,००० होतात. आधी ही सवलत इनव्हॅलिड होऊन आलेल्यांनाच होती. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने नोकरी पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली. पण ती आपोआप लागली असेल असे धरून बसू नका. पीपीओवरची टक्केवारी वाचा. तिथे अजून २० किंवा ३० दिसत असेल तर विचारणा करायला हवी. लढाईतल्या किंवा कारवाईतल्या जखमेला वॉर इंज्युरी पेन्शन असते आणि तिचे दर याहून बरेच चढे आहेत, तेव्हा केस कोणत्या रकान्यात टाकली आहे तेही बघा. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. त्यानंतर डिस्चार्ज झालेल्याने जुन्या मित्राचा अर्ज उतरवून काढू नये.

अर्ज फेटाळला गेला तर पत्राची तारीख आणि ते हातात पडल्याची तारीख, दोन्ही टिपा. पाकीटही टाकू नका. पहिल्या अपिलाला सहा महिने, ते फेटाळले तर दुसऱ्याला पुन्हा सहा महिने, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याला त्याचे मुंबई खंडपीठ. अपिलात ‘देशासाठी रक्त सांडले’ हे लिहून उपयोग नसतो. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नव्हती, नोकरीत तो दिसला, आणि बोर्डाने वेगळे कारण लिहिलेले नाही, हा क्रम कागदांनी दाखवायचा. धरमवीर सिंग प्रकरणातला २०१३ चा निकाल याच मुद्द्यावर आहे. ब्लड प्रेशर, शुगर, मानसिक आजार यांत पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या, शांत भागातल्या ठाण्यावर) सुरुवात झाली म्हणून नकार येतो. अशा वेळी त्याआधीची फील्ड किंवा उंचावरची पोस्टिंग तारखांसह जोडा. सुट्टीवर असताना झालेल्या अपघातात प्रवासाचे वॉरंट, सुट्टीचा पास, पोलीस पंचनामा आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (फौजेच्या चौकशीचा) निष्कर्ष लागतो. यांतला एक जरी नसला तरी केस लंगडी पडते. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दिव्यांग व्यक्तीला १९८७ च्या कायद्याने मोफत विधी साहाय्य आहे. थकबाकीत टक्का मागणारे दलाल बसस्टँडपासून भेटतात. अर्ज भरायला कार्यालयातले कल्याण संघटक फुकट मदत करतात.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा हमखास अडथळा. फौजेत ‘पाटील रमेश भिका’, आधारवर ‘रमेश भिका पाटील’, बँकेत ‘रमेश बी. पाटील’, माणूस एकच, मशीनला तिघे दिसतात. बायकोचे माहेरचे नाव डिस्चार्ज बुकात आणि सासरचे आधारवर, हेही घरोघरी. डिस्चार्ज बुक पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा, उलटे नको. फौजेच्या नोंदीतच चूक असेल किंवा लग्न, मूल यांचा पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या दप्तरातली कौटुंबिक नोंद) राहून गेला असेल तर प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी, जन्मदाखला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. हे काम पेन्शनर हयात असताना सोपे असते. नंतर ते एकट्या विधवेच्या गळ्यात पडते.

पेन्शन आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर चालते. लॉगिन, पासवर्ड आणि जोडलेला मोबाइल नंबर घरात दोघांना ठाऊक हवा. मुलाचा जुना नंबर जोडलेला असला की ओटीपी सुरतेत वाजतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. सेतू किंवा सीएससी केंद्रावर जीवन प्रमाण (हाच दाखला डिजिटल रूपात) काढताना पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडली की दाखला भलतीकडे जातो. तिथे स्पर्श निवडायला सांगा. बोटे गेलेली किंवा ठसे झिजलेले असतील तर चेहऱ्यावरून पडताळणी होते, तेही आधीच सांगा.

ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड पत्नी आणि अवलंबितांसह काढलेले हवे. नेहमीचा रस्ता पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतले रुग्णालय. रात्री छातीत दुखले आणि जवळचे रुग्णालय यादीत नसले तरी दाखल व्हा, मात्र ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. डिस्चार्ज समरी, बाबवार बिले आणि तातडीचे प्रमाणपत्र मूळ प्रतीत घ्या. पैसे ठरलेल्या सरकारी दराने परत येतात, भरलेले सगळे येतीलच असे नाही.

कृत्रिम पाय असलेल्यांनी पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर, १९४४ पासूनचे, रेफरलसह गाठावे. जाताना सध्याचा पाय, लायनर आणि वापरातले मोजे बरोबर न्या आणि पाय कुठे टोचतो तिथे त्वचेवर पेनाने खूण करा. वजन पाच-सहा किलो घटले किंवा वाढले की सॉकेट (कृत्रिम पायाची वरची वाटी) बसत नाही. ढिला झाला तर चालताना स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आत वरखाली होतो आणि त्वचा सोलवटते. ४५ अंशांच्या उन्हात घामाने हे दुपारीच सुरू होते, म्हणून दोन-तीन जादा सुती मोजे पिशवीत हवेत. मोजा भिजला की बदला, पावडर थापून वेळ मारू नका. फोड आला असेल तर माप त्या दिवशी घेता येत नाही, तेव्हा आठवडाभर आधी जखम भरून घ्या. मणक्याच्या दुखापतीसाठी खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, नव्याने काम शिकायचे तर तिथलेच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. झोप उडाली असेल, घरात चिडचीड वाढली असेल तर टेली-मानस, १४४१६.

मिलिटरी बोर्डाची टक्केवारी सवलतीसाठी एसटीच्या खिडकीवर चालत नाही. तिथे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) लागते, त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि शासकीय रुग्णालयात तपासणी. ४० टक्क्यांपासून सवलती सुरू होतात. दोन टक्केवाऱ्या वेगळ्या आल्या तर घाबरू नका, मोजण्याचे नियमच वेगळे आहेत.

घरपट्टी माफी राज्याने २०२० पासून दिली आहे, एकाच घराला. सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत द्यावा लागतो. ग्रामसेवकाला योजना ठाऊक नसेल तर शासन निर्णयाची प्रत पुढे करा. राज्याच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. मुलगा किंवा मुलगी व्यावसायिक पदवीला पहिल्या वर्षात असेल तर पंतप्रधान शिष्यवृत्ती पाहा: मुलाला दरमहा २,५००, मुलीला ३,०००, बारावीला ६० टक्के हवेत. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर, आणि शेवटच्या आठवड्यात ते पोर्टल सरकत नाही. कॉलेजच्या बोनाफाइडवर तारीख आणि शिक्का नीट उमटला आहे का, ते खिडकीवरून हलण्याआधीच पाहा.