राणी छाप रुपयापासून सुरुवात करा: जुनी नाणी जमवायची, पारखायची आणि बदलायची कशी

लक्ष्मीपूजनाला घरात जो राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला चांदीचा रुपया बाहेर निघतो ना, सुरुवात तिथूनच करा, विकत काही घेऊ नका. आमच्या आजीच्या पितळी डब्यात असे सात निघाले, सोबत दोन चवल्या (दोन आण्यांची नाणी), एक पावली (चार आणे) आणि भोकाचा पैसा, आणि मी अतिउत्साहात त्यातला सगळ्यात काळा रुपया चिंच-मीठ लावून घासला. चकचकीत झाला खरा पण राणीच्या झग्यावरची बारीक नक्षी कायमची पुसट झाली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून पहिला नियम, नाणं घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, टूथपेस्ट तर नाहीच. फारच माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, बस.

आता ओळखायचं कसं. १८७६ पर्यंतच्या रुपयावर व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. १८६२ लिहिलेला रुपया मिळाला तर लगेच त्याच वर्षाचा समजू नका, कारण पुढे १८७४ पर्यंत तेच साल छापत राहिले आणि मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके टाकले, ते ठिपके भिंगातून मोजण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही.

मग वजन. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्याच. कलदार, म्हणजे इंग्रजी अमदानीतला यंत्रावर पाडलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी जवळपास ९२ टक्के. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतं. चांदीच्या रुपयाला चिकटलं तर तो खोटा, विषय संपला. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं हे चालतं, पण एक ग्रॅमचा फरक पडला तर मी हात लावत नाही.

ग्रेडिंगचं, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून दर्जा ठरवण्याचं, लोकांना उगाच टेन्शन येतं. नाण्याचा सगळ्यात उंच भाग आधी झिजतो, म्हणजे राणीचे केस, मुकुटातले खडे, झग्याची नक्षी. चेहरा कळतो पण नक्षी सपाट झालीय तर फाइन, नक्षी बऱ्यापैकी दिसते तर व्हेरी फाइन, केसांच्या बटा सुट्या दिसतात तर एक्स्ट्रा फाइन, आणि वापरलंच नसेल, मूळची चमक गोल फिरवताना हलत असेल तर युएनसी (अनसर्क्युलेटेड). नंतर काठ बघा, हे बरेच जण विसरतात. आपल्याकडे रुपयांना कडी लावून माळ करायचे, ती कडी काढून काठ घासलेला असतो, वरच्या बाजूला बोट फिरवलं की खरखरीत लागतं किंवा टाक्याचा डाग दिसतो. असं नाणं ठेवा, पण पूर्ण किमतीला घेऊ नका.

शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही आहे. पण नवशिक्याने लगेच घेऊ नये, बाजारात नकली शिवराया फार आहेत. जुन्या शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्र पति' ही अक्षरं सहसा अर्धवट येतात कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असायचा, तेव्हा सगळी अक्षरं ठळक, कडा गुळगुळीत असं काही स्वस्तात दिसलं तर आधी जाणत्या माणसाला दाखवा.

खरेदी-विक्रीला पुण्याचा जुना बाजार (बुधवार, रविवार) किंवा नाण्यांची प्रदर्शनं बरी, नाणं हातात घेऊन बघता येतं. माझं मत, सुरुवातीला पैसे कमी आणि डुप्लिकेट नाण्यांची अदलाबदल जास्त करा. विकताना त्या दिवसाचा चांदीचा भाव आधी बघा, त्याच्या खाली राणी छाप द्यायचाच नाही. 'वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला लाखो' वगैरे जाहिरातींना फोन करू नका, ते आधी फी मागतात आणि गायब होतात, रिझर्व्ह बँकेनेही याबद्दल लोकांना सावध केलंय. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भावाला कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका. शेतात नांगरताना जुन्या नाण्यांचा हंडा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

ठेवायला पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यात नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलारचे (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकचे) होल्डर घ्या, नाणं काठाला धरून आत सरकवा, आणि वर पेनाने साल, वजन आणि ते कुणाकडून आलं ते लिहा. माझ्या त्या घासलेल्या रुपयावर 'आजीचा डबा' एवढंच लिहिलंय, आणि तो कुणालाच बदलून द्यायचा नाहीये.